पद्मपाणीचा पांढरा नेमका कुठला?

अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी फोनवर शोधून बघा. पहिल्याच पानावर तो पाच-सहा रंगांत भेटतो. एकीकडे मधासारखा पिवळसर, एकीकडे तांबूस, एकीकडे जवळजवळ चॉकलेटी. एखाद्या ठिकाणी कुणीतरी सॅच्युरेशनची पट्टी शेवटपर्यंत ओढलेली असते, तिथं तो संत्र्यासारखा दिसतो. भिंत एकच, चित्र एकच. शिवाय तुमच्या फोनचा डिस्प्ले ‘व्हिविड’वर आहे की ‘नॅचरल’वर, रात्रीचा पिवळा फिल्टर चालू आहे की बंद, यावरून त्याचा आणखी एक रंग तयार होतो. तो फक्त तुम्हालाच दिसतो.

यातला खरा कुठला, हा प्रश्न मोबाइलनं जन्माला घातलाय असं वाटतं. पण छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर, वाघूर नदीच्या त्या नालाकृती वळणावर हा प्रश्न एकशे ऐंशी वर्षं पडून आहे. फोटो एडिट करणारी मंडळी ज्याला ‘मॉनिटर कॅलिब्रेशन’ म्हणतात, पडद्यावर एक उंदरासारखं यंत्र लटकवून दर महिन्याला करायचं ते कंटाळवाणं काम, त्याचा इतिहास सहसा अमेरिकेतल्या कंपन्यांपासून सांगतात. आपल्याकडून तो सांगायचा, तर सुरुवात अजिंठ्यापासून करावी लागते. कारण इथं कॅलिब्रेशन नसल्यानं काय होतं, हे एकदा नाही, चार-पाच वेळा घडून गेलंय.

१८१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ वाघाच्या मागावर इथं पोचला आणि १० नंबरच्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव नि तारीख कोरून गेला, हे कुठलाही गाईड सांगतो. रंगांची गोष्ट त्यानंतर पंचवीस वर्षांनी सुरू होते. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रास सैन्यातल्याच रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यावर भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवण्याचं काम सोपवलं. मराठी माणसाला गिल माहीत आहे तो पारोमुळे. ना. धों. महानोरांची ‘अजिंठा’ ही दीर्घकविता आणि तिच्यावरचा नितीन चंद्रकांत देसाईंचा २०१२ चा सिनेमा, या दोहोंनी ती प्रेमकथा घरोघरी नेली. त्या कथेच्या सावलीत गिलचं खरं दुखणं झाकलं गेलं. हा माणूस वीसेक वर्षं लेण्यांतल्या अंधुक उजेडात बसून भिंतीइतकी मोठी तैलचित्रं रंगवत होता आणि एकेक करून लंडनला पाठवत होता.

तिथं काय अडचण होती ते समजून घ्यायला हवं, कारण आजच्या मॉनिटरची अडचणही तीच आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर मातीचा गिलावा आहे, भुसा आणि तंतू कालवलेला. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग: गेरूचा लाल, पिवळी माती, काजळीचा काळा, पांढरी माती नि चुना, इथल्याच बेसॉल्ट खडकात मिळणारी हिरवी माती. निळा तेवढा परका. पाचव्या शतकातल्या लेण्यांत दिसणारा निळा लाजवर्दी दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून आलेला. हे सगळे कोरडे, बिनचमकीचे रंग. गिलकडे होते युरोपात बनलेले तेलरंग. त्यांची घडणच वेगळी आणि वर तेलाची चकाकी. लेण्याच्या तोंडातून उलटून आत येणाऱ्या उजेडात त्यानं भिंतीचा गेरू आणि पॅलेटवरचा लाल जुळवला. तिथं ते जुळलेही असतील. पण तोच कॅनव्हास लंडनच्या ढगाळ आभाळाखाली टांगला, की जुळलेलं पुन्हा फिसकटतं.

रंगशास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. दोन रंग एका उजेडात जुळे, दुसऱ्यात अनोळखी. शब्द अवघड आहे, अनुभव नाही. साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस घेताना आई कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात येते, ती याच धास्तीनं. ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नसतो. गिलला पायरीवर यायची सोय नव्हती. भिंत उचलून उन्हात नेता येत नाही.

लंडनकरांनी ती चित्रं सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली. ३० डिसेंबर १८६६ ला त्या काचमहालाला आग लागली आणि गिलच्या नकलांपैकी मोजक्याच वाचल्या. बाकीच्यांमधल्या काहींची कृष्णधवल छापील खोदचित्रं तेवढी उरली. म्हणजे रेषा राहिली, रंग गेला.

आता कुणी म्हणेल, गिलकडे कॅमेरा होता की! होता. त्याचे लेण्यांचे फोटो १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकात छापले गेले, त्यातले काही दोन डोळ्यांनी बघायचे स्टिरिओफोटो होते. पण ते प्रामुख्यानं वास्तूचे आणि शिल्पांचे आहेत. त्या काळची ओली कलोडियन काच निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देई. लाल-पिवळ्याच्या बाबतीत ती जवळजवळ आंधळी. गेरू नि पिवळ्या मातीनं भरलेली भिंत तिला काळी दिसणार, आणि बदख्शानचा निळा फिकट. अजिंठ्याच्या चित्रांसाठी याहून नालायक सेन्सर शोधून सापडला नसता.

गिलनंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा जॉन ग्रिफिथ्स आला. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये खंड पडत पडत, त्यानं आपल्या विद्यार्थ्यांना इथं आणून काम केलं. पेस्तनजी बोमनजी हे त्यांच्यातलं पुढं नावाजलेलं नाव. विद्यार्थ्यांचा घोळका, शेकडो कॅनव्हास, थंडीचे महिने, मचाण. एक मास्तर आणि दहा जणांचे डोळे म्हटल्यावर रंगाची एकवाक्यता राखणं किती कठीण गेलं असेल याची कल्पना कुठल्याही एडिटिंग स्टुडिओतल्या माणसाला यावी, जिथं तीन पोरं तीन वेगळ्या मॉनिटरवर एकाच लग्नाचा अल्बम करत असतात. अंधारलेलं चित्र उठून दिसावं म्हणून त्या काळात भिंतीवर वार्निशही चढवलं गेलं. वार्निश ओलं असताना रंग खुलतो, जुनं झालं की पिवळा पडतो. म्हणजे नकलेसाठी मुळालाच हात लागला.

त्यांचीही गत तीच. १८८५ च्या जून महिन्यात लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमध्ये, आग लागली आणि ग्रिफिथ्सच्या नकलांचा मोठा भाग गेला. उरलेल्यांच्या आधारे १८९६-९७ मध्ये दोन जाडजूड खंड निघाले. नकलेची छापील नकल, तीही दगडी छपाईच्या शाईत. कितव्या हातचा रंग तो!

मग १९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्ता, के. वेंकटप्पा, आणि हैदराबादेकडून सय्यद अहमद. यांचा दृष्टिकोन वेगळा. गिल-ग्रिफिथ्सच्या नकलांवर व्हिक्टोरियन तैलचित्राची छाया होती. हेरिंगहॅमच्या चमूनं जलरंग वापरले, रेषेला मान दिला आणि पडझड झालेल्या जागा जमतील तशा भरून घेतल्या. त्यांना भिंत आज कशी आहे ते नको होतं, मुळात कशी असेल ते हवं होतं. १९१५ मध्ये ते पुस्तकरूपानं आलं आणि बंगालच्या नव्या चित्रकलेचा अजिंठा तोच झाला. मला या नकला सगळ्यांत देखण्या वाटतात आणि रंगाचा पुरावा म्हणून सगळ्यांत कमी भरवशाच्या. या दोन गोष्टींचं आपसात वैर नाही. इन्स्टाग्रामवरचे लाडके फिल्टर हेच तर करतात.

१९१६ ते १९१८ दरम्यान जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी जपानी कागदावर नकला केल्या, त्या तोक्योला गेल्या आणि १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. १८६६, १८८५, १९२३. अजिंठ्याच्या नकलांना बाहेरगाव मानवत नाही, एवढं नक्की.

*

इथवरच्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकानं मनापासून, कष्टानं, आपल्या डोळ्याला दिसलं ते उतरवलं, आणि ‘दिसलं’ म्हणजे कुठल्या उजेडात, कशाशी ताडून, याचं माप कुणीच ठेवलं नाही. ठेवणार तरी कसं? रंगाला माप नव्हतंच. लांबीला वार होता, धान्याला पायली होती. ‘गेरू लाल’ म्हणजे किती लाल, हे सांगायला दुसरा गेरू दाखवावा लागे.

आणि डोळा हा मापक म्हणून फारच बेइमान. बल्बच्या पिवळ्या उजेडात पांढरा कागद आपल्याला पांढराच दिसतो, आभाळाखालच्या निळसर सावलीतही पांढराच. डोळा सतत, न सांगता, आपला व्हाइट बॅलन्स बदलत असतो. लेण्यात शिरल्यावर पाच मिनिटांत अंधार कमी झाल्यासारखा वाटतो आणि दहा मिनिटांत भिंतीचा पिवळटपणाही. जगण्यासाठी ही फार मोठी देणगी आहे. रंग जुळवण्यासाठी ती कामाची नाही.

याच सुमारास अजिंठा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथं १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं सुरू झालं आणि गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक झाले. निजामाच्या सरकारनं १९२० ते १९२२ दरम्यान इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावलं. सुटू लागलेला गिलावा त्यांनी जागच्या जागी बसवला. त्या बाबतीत त्यांचे उपकारच आहेत. पण रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी शेलॅकचा लेप दिला. शेलॅक म्हणजे आपली लाख. फर्निचरला पॉलिश मारतात तीच. ती काळाबरोबर पिवळी, मग तपकिरी होत गेली आणि धूळ-काजळीला धरून बसली. पिवळ्या काचेतून बघितल्यावर निळ्याचं जे होतं, ते बदख्शानच्या निळ्याचं झालं: तो हिरवटला, मंदावला. पांढरा साईच्या रंगावर गेला.

याझदानींचा भव्य ग्रंथ १९३० पासून १९५५ पर्यंत चार भागांत निघाला. त्याच्या शीर्षकातच ‘फोटोग्राफीवर आधारित रंगीत आणि एकरंगी प्रतिकृती’ असं ठासून म्हटलंय. ई. एल. व्हॅसे यांनी काढलेले फोटो हा त्याचा पाया. आता हाताची नकल नाही, यंत्राची साक्ष, हा त्यातला अभिमान. रास्तही आहे. फक्त पहिला भाग वाचकाच्या हाती पडला तेव्हा भिंतीवर लाखेचा लेप चढून आठ वर्षं उलटली होती. कॅमेऱ्यानं लेपाची साक्ष इमानेइतबारे दिली.

आणि १९३१ मध्ये, तिकडे केंब्रिजला भरलेल्या प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाच्या बैठकीत, रंगाला पहिल्यांदा माप मिळालं. ते कसं ठरलं हे ऐकलं की हसूही येतं नि धक्काही बसतो. डेव्हिड राईट आणि जॉन गिल्ड या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९२० च्या दशकात काही माणसांना एका छोट्या खिडकीसमोर बसवलं. खिडकीच्या एका अर्ध्यात एक रंग. दुसऱ्या अर्ध्यात लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकाश कमीजास्त करत तो जुळवायचा. राईटकडे दहा माणसं, गिल्डकडे सात. या सतरा जणांच्या डोळ्यांची सरासरी म्हणजे ‘प्रमाण निरीक्षक’. तुमच्या हातातल्या फोनपासून संभाजीनगरच्या अल्बम-लॅबमधल्या प्रिंटरपर्यंत सगळं आजही मुळात त्या सतरा जणांच्या डोळ्यांनी बघतं.

पांढऱ्याचीही तशीच कथा. मॉनिटर कॅलिब्रेट करताना जो ‘डी६५’ निवडायचा असतो, तो म्हणजे प्रमाण दिवसाचा उजेड, साधारण ६५०० केल्विनचा. १९६४ मध्ये जड, मॅकअ‍ॅडम आणि विझेकी यांनी दिवसाच्या उजेडाच्या ६२२ मोजण्यांवरून त्याचं गणित मांडलं. मोजण्या कुठल्या? अमेरिकेतलं रॉचेस्टर, इंग्लंडमधलं एनफिल्ड, कॅनडातलं ओटावा. मराठवाड्याचं एप्रिलमधलं धुळकट, पांढरंफटक ऊन त्यात नाही. वाघूरच्या दरीत समोरच्या कड्यावर आपटून, तांबूस होऊन लेण्यात शिरणारा उजेड तर नाहीच नाही.

म्हणून हे माप टाकाऊ ठरतं का? मला तसं वाटत नाही. मीटर ठरवताना पृथ्वीची मोजणी चुकली होती म्हणून कुणी मीटर फेकून दिला नाही. मापाचं मोल त्याच्या पावित्र्यात नसतं, ते सगळ्यांकडे सारखं असण्यात असतं. मोंढ्यातल्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो तो काटा देवानं घडवलाय म्हणून नाही. लातूरचा व्यापारी नि संभाजीनगरचा अडत्या दोघांचा किलो एक असावा म्हणून असतो. आणि तो शिक्का ठरावीक मुदतीनं पुन्हा मारावा लागतो, कारण काटा हलतो.

मॉनिटरही हलतो.

*

पडद्यांच्या जगात ही एकवाक्यता यायला आणखी वेळ लागला. १९९३ मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्यांनी मिळून आयसीसी स्थापन केली. क्रिकेटवाली नव्हे, रंगवाली. प्रत्येक यंत्राची रंगाची खोड एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवायची, म्हणजे दुसरं यंत्र ती वाचून आपल्याकडे दुरुस्ती करेल, अशी कल्पना. या फाइलला प्रोफाइल म्हणतात. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं ‘एसआरजीबी’ सुचवलं, १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं, आणि इंटरनेटवरचे बहुतेक फोटो आजही त्याच चौकटीत राहतात. तेव्हाच्या काचेच्या, पाठीमागं पोट असलेल्या मॉनिटरांवर बेतलेली ही चौकट आहे.

मॉनिटर विकत घेतो तेव्हा तो दुकानात उठून दिसेल असा लावलेला असतो: भगभगीत आणि निळसर. आपल्या शहरातला लग्नाचा फोटोग्राफर कॅलिब्रेशनकडे वळतो तो इतिहासाच्या ओढीनं नाही. अल्बम छापून येतो, नवरीचा शालू काळवंडलेला असतो, आणि नवरीची मावशी जाब विचारते. पडदा गरजेपेक्षा दुप्पट उजळ, म्हणून त्यानं फोटो मंद केला. कागदाला स्वतःचा दिवा नसतो, तो बिचारा आहे तेवढाच उजेड परत फेकतो. पैठणला फोनवरून साड्या विकणाऱ्याची कथा आणखी अवघड. पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. पदर हलला की रंग फिरतो. मोरपंखी म्हणून पाठवली, तिकडे ‘हिरवी आली’ म्हणून परत.

काम तसं सरळ आहे. कलोरीमीटर नावाचं यंत्र पडद्यावर लटकवायचं. संगणक पडद्याला एकेक ठरलेला रंग दाखवायला लावतो. यंत्र मोजतं की प्रत्यक्षात काय दिसलं. मागितलेल्या आणि मिळालेल्या रंगांतल्या फरकावरून दुरुस्तीचा तक्ता आणि प्रोफाइल तयार होतं. लक्ष्य म्हणून पांढरा डी६५, गॅमा २.२, आणि उजेड चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला. छपाईचं काम असेल तर आणखी थोडा कमी. यंत्राबरोबर येणारं सॉफ्टवेअर आवडलं नाही तर डिस्प्लेकॅल फुकट मिळतं. ते ज्या आर्जिल नावाच्या इंजिनावर चालतं, ते लिहिणाऱ्याचं नाव ग्रेम गिल. आपल्या गिलशी त्याचा संबंध आडनावापुरताच धरावा, पण अजिंठ्याचे फोटो एडिट करताना पडद्यावर एका गिलचं काम चालू असतं, याची मला दरवेळी गंमत वाटते.

सुरू करून अर्धा तास झाल्याशिवाय मॉनिटर मोजायचा नाही. त्याचा दिवा तापून स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. नाइट लाइट, आपोआप उजेड बदलणं, ‘डायनॅमिक’ नावाचं सगळं काही बंद. दर महिन्याला पुन्हा मोजायचं, कारण दिवा वापरानं मंदावत नि पिवळा होत जातो. आणि खोली! आपल्याकडे पोपटी किंवा आंब्याच्या रंगाच्या भिंती हौसेनं रंगवतात. त्यांच्यावरून उलटलेला उजेड पडद्यावर नि डोळ्यात येतो आणि मग आपण त्या पोपटीची भरपाई नवरीच्या गालावर करतो. मॉनिटरमागची भिंत करडी असावी, खिडकी पाठीशी नसावी, दिवसभर उजेड सारखा असावा. दहा हजारांचं यंत्र घेऊन खिडकीला पडदा न लावणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यापेक्षा यंत्र नसलेला, पण करड्या भिंतीसमोर बसलेला माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

दुकानदार हमखास सांगतो की याहून महागडा, रुंद रंगपट्ट्याचा मॉनिटर लागेल. अजिंठ्यापुरतं सांगायचं तर गरज नाही. मातीचे रंग मुळातच संयमी असतात. गेरू, पिवळी माती, हिरवी माती हे बहुतेक एसआरजीबीच्या चौकटीत सुखानं मावतात. अजिंठ्याचा रंग हरवतो तो चौकट लहान पडल्यामुळे नाही. तो पांढऱ्यापाशी हरवतो.

*

फोटो एडिट करणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला एक सवय असते. ड्रॉपर घ्यायचा आणि फोटोतल्या पांढऱ्या वस्तूवर टेकवायचा: शर्ट, कागद, भिंत. सॉफ्टवेअर ती वस्तू पांढरी धरून बाकीचे रंग सरकवतं. पद्मपाणीच्या फोटोत हा ड्रॉपर आपोआप मोत्यांकडे जातो. गळ्यात मोत्यांची माळ आहे, मोती पांढरे, मग टेकवा. टेकवला की चित्र खाडकन थंड पडतं, अंगकांती राखाडते, पार्श्वभूमी निळसर होते. चूक कुठं झाली? ते मोती पांढऱ्या रंगानं काढले होते हे खरं. पण आज त्यांच्यावर दीड हजार वर्षांचा धूर, वटवाघळांची घाण, वार्निश नि लाख यातलं जे काही शिल्लक असेल ते आहे. शिवाय चितारी शुद्ध पांढराच वापरत होता की त्यात चिमूटभर पिवळी माती कालवत होता, हे मोती सांगत नाहीत. ड्रॉपरनं आपण नकळत लाख खरवडतो, आणि किती खरवडावी ते आपल्या आवडीवर ठरतं. हेरिंगहॅम यांच्या चमूनं ब्रशनं केलं तेच, एका क्लिकमध्ये.

१९९१-९२ मध्ये बिनॉय बहल यांनी फ्लॅश न वापरता, अत्यंत मंद उजेडात, दीर्घ एक्स्पोजर देऊन फिल्मवर अजिंठा टिपला. १९९८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि अनेकांना पहिल्यांदाच कळलं की छताच्या कोपऱ्यातही एवढं काही आहे. नाशिकचे प्रसाद पवार गेली अनेक वर्षं या चित्रांचं छायाचित्रण आणि डिजिटल पुनर्रचना करतायत. तुटलेले भाग पडद्यावर भरून चित्र पूर्ण करतायत. या कामाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. माझं मत एवढंच, की पुनर्रचना हा अर्थ लावण्याचा प्रकार आहे आणि तो करायलाच हवा. पण त्याच्याखाली एक निखळ पायरी लागते: भिंत त्या दिवशी, त्या उजेडात, मोजून कशी होती. ती फाइल वेगळी, पुनर्रचनेची वेगळी. गिल, ग्रिफिथ्स, हेरिंगहॅम यांच्याकडे या दोन फाइली वेगळ्या करण्याचं साधन नव्हतं. आपल्याकडे आहे.

साधन म्हणजे चोवीस चौकोनांचं एक पुठ्ठ्याचं कार्ड. १९७६ पासून ते फोटोग्राफरांच्या झोळीत आहे. त्यातल्या प्रत्येक चौकोनाचा रंग मोजून जाहीर केलेला असतो, सहा चौकोन पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या करड्यांचे. भिंतीला न टेकवता, त्याच उजेडात, आधी एक फ्रेम या कार्डसह काढायची. घरी आल्यावर ड्रॉपर मोत्यावर नाही, कार्डाच्या करड्यावर. मोती मग जसे आहेत तसे पिवळे राहतात. कॅलिब्रेट केलेल्या पडद्यावर ते पिवळेच दिसतात, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याची निराशा होते. एवढा खटाटोप करून हेच का? हेच. भिंत आज अशीच आहे.

आणि उद्या अशी नसणार. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशाखेनं ही लाख उतरवण्याचं चिवट काम हाती घेतलं, ते अजून सरलेलं नाही. १९९९ पासून मॅनेजर राजदेव सिंह यांच्या चमूनं ९ आणि १० नंबरच्या लेण्यांतली, इसवी सनापूर्वीची, चित्रं काजळी नि लाखेखालून बाहेर काढली; ज्या भिंती लोकांनी काळ्या म्हणून सोडून दिल्या होत्या, तिथं चेहरे उमटले. म्हणजे इथं मूळ चित्रही स्थिर नाही. दर पिढीत ते थोडं बदलतं, कधी लेपानं, कधी सफाईनं, कधी आपल्या श्वासातल्या ओलाव्यानं. २००० साली काढलेला फोटो नि आजचा फोटो वेगळे दिसले, तर भिंत बदलली, कॅमेरा बदलला, की कुणाचा मॉनिटर निळा होता? कार्ड आणि प्रोफाइल नसेल तर या तिन्हींत फरक करता येत नाही. सफाई करणाऱ्या रसायनतज्ज्ञाला मात्र तो करावाच लागतो. लाख संपून गेरू कुठं सुरू होतो, हे पुढच्या कापसाच्या बोळ्याआधी ठरवायचं असतं, आणि उतरलेला गेरू परत चढत नाही.

एसआरजीबीचं प्रचलित प्रोफाइल ३,१४४ बाइटचं आहे, एखाद्या लांबलचक मेसेजएवढं. फोटो सेव्ह करताना ‘प्रोफाइल जोडा’ अशी एक बारीक चौकट येते. बरेच जण फाइल हलकी व्हावी म्हणून तिच्यावरची खूण काढून टाकतात.

लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, तिपाईला परवानगी लागते. कार्डाबद्दल दारावरचा पहारेकरी विचारतो, “हे काय, रंग विकायला आणलेत का?” त्याला सांगायचं की नाही, मोजायला आणलेत. तो हसतो, आणि आत जाताना पायातले बूट काढायला लावतो.